पट्टा आणि पंगत

"मगे? उद्या डॉक्टराक काय सांगतलंस?" गुरुनाथनं विचारलं.

माझ्या तोंडात सौंदाळा माशाचा घास होता, त्यामुळे उत्तर इतक्यात मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मी चावत राहिले. समोरच्या दारातून खाडी दिसत होती. भरतीचं पाणी पार माडांच्या मुळांपर्यंत आलं होतं आणि त्यावरचं ऊन उलटं वर येऊन आमच्या कौलांखालच्या वाशांवर डुलत होतं. तात्या, म्हणजे माझे सासरे, भिंतीला पाठ टेकून बसल्याबसल्या पेंगत होते. त्यांच्या उजव्या हातावरचं माशाचं तिखलं वाळून कोरडं झालं होतं. गुरुनाथ, माझा नवरा, रिकाम्या ताटात बोटानं होड्या काढत होता. माझ्या शेजारी आये, माझी सासू, भातावर सोलकढी ओतून सावकाश कालवत होती. अशा आमच्या दुपारी असायच्या. सगळं घर पाण्याखाली ठेवल्यासारखं संथ व्हायचं आणि मध्यभागी मी, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी, चावत.

घास एकदाचा खाली उतरला.

"अजून ठरत नाहीये," मी म्हटलं.

"त्यात ठरवूचा काय? काढून टाक. वजन उतरला, वर्षभर टिकला. गरज सरो, वैद्य मरो."

"वैद्याक मारू नको," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "बरो माणूस तो."

आये ताटातून मान वर न करता म्हणाली, "काढू नको. ठेव तो."

मला रागच आला. तीन वर्षांपूर्वी हीच बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "देवान दिलेल्या पोटाक दावा कित्याक बांधतंस?" आणि आता तेच दावं सोडू नको म्हणत होती. सुटली तर ही सून पुन्हा मोकाट चरत सुटेल, असंच तिला वाटत असणार. जित्याची खोड! माझ्या मनात ते बोचलं, कारण भीती मलाही तीच होती.

ती भीती सांगायची तर आधी पट्ट्याचं सांगायला हवं. माझ्या पोटात, जठराच्या वरच्या तोंडाशी, गोव्याच्या डॉक्टर केंकऱ्यांनी सिलिकॉनचा एक पट्टा बसवला होता. आतून पोकळ, सायकलच्या ट्यूबसारखा. त्यात सुईनं पाणी भरलं की तो आवळतो आणि घास थेंबाथेंबानं खाली जातो. पाणी काढलं की सैल. लग्न होऊन चिपळूणहून या खाडीकाठी आले तेव्हा मी बरी गुटगुटीत होते. पुढे क्विंटलच्या वर गेले. गूळ असते तर बाजारात भाव आला असता. माणूस असल्यामुळे गुडघे गेले, श्वास गेला, आणि शिवणाच्या मशीनवर बसले की पोट आधी मशीनला लागायचं. लोकांची पोलकी शिवणारी मी, पण स्वतःचं पोलकं उसवून उसवून त्यात उसवायला काही उरलं नव्हतं.

हे वजन आलं कुठून, हे कुणी विचारलं की मी आनुवंशिक म्हणायचे. खरं म्हणजे ते टोपांतून आलं होतं.

आमच्या घरात पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. थोरले दीर परदेशी बोटीवर असतात. घरात एक जण जेवत असताना दुसरा उठला, तर दर्यावरच्या माणसाला त्या दिवशी अन्न गोड लागत नाही, असं तात्यांच्या आजीपासून चालत आलेलं आहे. खरंखोटं दर्याला माहीत. पण दिरांचा फोन आला की तात्या पहिलं विचारायचे, "जेवाण बरा गावता मां?" आणि बरं मिळतं असं तिकडून आलं की आमच्याकडे अशी नजर टाकायचे, जणू तिकडचा स्वयंपाक त्यांनीच केला होता.

ही पंगत पुरुषांची. आये आणि मी वाढणाऱ्या. आमचं जेवण मागाहून, ओट्यापाशी, बहुतेक उभ्यानं. त्याला काही नियम नव्हता, कारण ती पंगतच नव्हती. ती भांडी रिकामी करण्याची तऱ्हा होती. टोपाच्या बुडाचा भात, कढईच्या कडेचा मसाला, कुणाला नको झालेली अर्धी भाकरी. अन्न टाकायचं नाही हा आयेचा दंडक. ती चिमणीएवढं खायची आणि उरलेलं माझ्याकडे सरकवायची. दंडक तिचा, पोट माझं.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवायचं ते मांडी घालून, हळू, घासाची पेज होईपर्यंत चावून. मध्ये उठायचं नाही. तरी घरी आल्यावर मी ओट्यापाशीच उभी राहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडात घास असताना गुरुनाथनं "मीठ" म्हणून हाक मारली, मी लगबगीनं वळले आणि तो घास अडकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, छातीवर दगड. गुरुनाथ घाबरून माझी पाठ चोळत बसला. तेव्हा तात्यांनी फर्मान काढलं, "आजपासून ही आमच्याबरोबर बसतली. आणि तिका जेवताना कोणी उठवचा नाय. पाणी होया तर आपला आपण घ्या."

असा मला पाट मिळाला. पण पंगतीचा नियम आता मलाही लागू झाला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. दोघा पुरुषांचं दहा मिनिटांत आटपायचं आणि मग ते हात वाळवत माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. गुरुनाथ आधी वैतागला, मग बोलायला लागला. लग्नानंतर इतक्या वर्षांत जे बोलला नव्हता ते बोलला: कुठल्या खडकापाशी मासा मिळतो, लहानपणी तो कशाला घाबरायचा. तात्यांना दुपारची झोप बसून घ्यायची सवय लागली. आये पळी घेऊन दाराशी उभी असायची. एकदा तात्या तिच्यावर खेकसले, "थंय खांबासारखी कित्याक उभी? तूय बसान घे. हिचा होईसर ओहोटी लागतली." ती बसली. त्यात विशेष असं मला तरी काही वाटलं नाही. मी चावण्यात गर्क होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गोव्याला गेले. डॉक्टर केंकरे म्हणजे बारीक अंगाचा, शांत माणूस. त्यांनी वजन बघितलं, पोट तपासलं आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

"बाई, तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आहे तसा ठेवा, तुमचं छान चाललंय. किंवा मी काढून टाकतो, म्हणजे परत शस्त्रक्रिया. किंवा आधी नुसतं पाणी काढू. पट्टा आत राहील, पण रिकामा. महिनाभर बघा कसं वाटतं, मग काय ते ठरवा."

"पाणी काढलं आणि मी पुन्हा फुगले तर?"

"तर भरू. पण मला एक सांगा, तुम्हाला पट्ट्याची भीती वाटते की स्वतःची?"

मी पोटावरचा पदर बाजूला सारला. त्यांनी सुई घेतली.

बाहेर आले तर शहर विचित्र हलकं वाटत होतं, की मीच हलकी होते कोण जाणे. बसला वेळ होता. कोपऱ्यावर पावाच्या भट्टीचा वास आला आणि माझे पाय तिकडे वळले. तीन वर्षांत पाव खाल्ला नव्हता. पट्ट्याला पावाचं वावडं. मी एक गरम उंडो, तिथला गोल पाव, घेतला, नदीकाठच्या बाकावर बसले आणि तोडून तोंडात घातला. चावला आणि गिळला, सरळ, अडथळ्याशिवाय! घास जाताना कुठेही थांबला नाही. नदीवर कोळशानं भरलेला पडाव इतका हळू चालला होता की तो चाललाय की काठ चाललाय हे कळेना. मी सगळा उंडो संपवला. खोटं सांगत नाही, इतकं सुख मला त्या पाण्यासमोर झालं की मी रडले.

घरी गुरुनाथ खूश झाला. "आता तुझ्याबरोबर माणसासारखा जेवाक गावतला," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सुरमई घेऊन आला. आम्ही चौघं बसलो. मी सगळ्यांबरोबर जेवले, सगळ्यांबरोबर संपवलं. पंगत उठली तेव्हा खाडीचं पाणी दगडाच्या पहिल्या पायरीलाही लागलं नव्हतं. तात्या खाटेवर जाऊन आडवे झाले आणि छान घोरले.

आये ताटं उचलताना मला म्हणाली, "झाला?"

"झालं की."

"इतक्यात?" ती म्हणाली.

पुढे काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही, म्हणून त्याचा राग कुणावर काढायचा हेही कळत नाही. दोन दिवसांनी गुरुनाथ जेवता जेवता म्हणाला, "हेमा, वायच भात हाड गो." मी उठले. आता काय, घास अडकायची भीती नव्हती, आणि वाढायला उठणं पंगतीच्या नियमात कुणी धरत नव्हतं. मग कढी. मग तात्यांना पाणी. एवढं उठायचं तर बसायचं कशाला, म्हणून मी वाढून मग बसायला लागले. मग वाढून झाल्यावर त्यांचं अर्धं झालेलं असायचं, तेव्हा कुठे मध्येच बसा. आठवडा गेला नाही तोवर माझा पाट भिंतीला उभा राहिला. आणि सून वाढतेय म्हटल्यावर सासू कशी बसून राहील? आये माझ्याआधीच ओट्यापाशी परत गेली होती.

दुपार पुन्हा दहा मिनिटांची झाली. गुरुनाथ उठून जाळ्यांकडे जायचा. तो आता माझ्याशी खडकांबद्दल बोलत नव्हता, त्याचं काही चुकलं नव्हतं, बोलायला वेळच नव्हता. आणि मी टोपांपाशी उभी. बुडाचा भात, कडेचा मसाला. भूक तर अशी परत आली होती की माहेरी आलेल्या लेकीसारखी घरभर हिंडायची. महिना सरत आला तेव्हा पोलक्याचे हूक ओढून लावावे लागले. मी मशीनवर बसले आणि पहिल्यांदा धास्तावले. पट्टा पुन्हा भरून घ्यायचा म्हणजे तो जन्मभराचा. काढून टाकायचा म्हणजे मी आणि हे टोप, समोरासमोर.

गोव्याला जायचं होतं त्याच्या आदल्या दुपारी पुरुषांचं जेवण उरकलं होतं. मी आत गेले तर आये मोरीशी उभी होती. टोपाच्या झाकणात भात घेतला होता, त्यावर थंड झालेलं तिखलं, आणि ती भिंतीकडे तोंड करून भराभर खात होती. कुणीतरी हाक मारील म्हणून घाईनं जेवणारं माणूस असतं ना, तसं. सत्तरीची बाई, पाय सुजलेले. मी ते किती वर्षं बघत आले होते. त्या दिवशी कोण जाणे का, ते मला दिसलं.

"आये, बसून खा ना."

"खातंय गो. झालाच."

"तू मला पट्टा ठेव म्हणालीस, ते का?"

तिनं हातातला घास झाकणात परत ठेवला.

"तुका काय वाटला?"

"वाटलं, मी परत लठ्ठ होईन म्हणून."

"तू जाडी होतंस काय बारीक, माका काय त्याचा?" ती म्हणाली. आणि मग भिंतीला टेकून, सुजलेल्या पायांवरचा भार बदलत, हळू आवाजात बोलायला लागली. "सोळा वर्सांची या घरात इलंय. तवापासून गरम तिखला काय असता ता माका म्हायत नाय. करतंय मी, पण जिभेर पडता ता थंड. सासू होती तवा तिच्या मागसून, ती गेली तवा ह्यांच्या मागसून. तुझ्या त्या पट्ट्यान माका बसवल्यान. तीन वर्सा मी पाटार बसान, खाडी बघीत, गरम जेवलंय. ह्ये माझ्या हातचा खातत आणि काय म्हणतत ता माझ्या कानान आयकलंय. पयला म्हायतच नसायचा. ताटा घासताना उरलाला बघून समजाचा, आवडला काय नाय ता."

मी तिच्या हातातलं झाकण घेऊन ओट्यावर ठेवलं.

"मग बसूया की आपण," मी म्हटलं. "आपल्याला अडवलंय कुणी?"

"कोणी नाय अडवणा." ती हसली. "म्हणानच तर बसाक जमना नाय."

मी हट्टी. त्याच संध्याकाळी भिंतीला लावलेला पाट काढला, आयेचाही मांडला, आणि सगळं अन्न मध्ये ठेवून चौघं एकदम बसलो. गुरुनाथ भला माणूस, "बस, बस" म्हणाला. मी पहिला घास घेतला आणि तो म्हणाला, "लोणचा खय?" आये उठायच्या आधी मी उठले. परत आले तर तात्यांचा तांब्या रिकामा होता. आये उठली. ती येईपर्यंत गुरुनाथचा भात संपला होता. दोघांपैकी कुणी आम्हाला उठा म्हणालं नाही. फक्त मागितलं, आणि आमचे पाय आपोआप उठले. शेवटी दोघींच्या पाटांवर मांजर येऊन बसलं. आयेनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला, हसू लपवायला की काय, मला कळलं नाही.

म्हणजे नुसतं बसून चालत नव्हतं. बसायला दुखणं लागत होतं. आणि दुखण्याला आमच्या घरात फार मान.

रात्रभर मला खाडीचं पाणी चढता-उतरताना ऐकू येत राहिलं. सकाळी बसमध्ये डुलकी लागली तर स्वप्नात मी एका पाटावर बसून दर्यावर चालले होते, शेजारच्या पाटावर आये, आणि आम्हाला कुठेच पोचायची घाई नव्हती.

डॉक्टर केंकऱ्यांनी वजन बघून भुवया उंचावल्या. "थोडं वाढलंय. बोला बाई, काय करू? भरू की काढू?"

"एक विचारते. रिकामा पट्टा तसाच आत राहिला तर काही वाईट होतं का?"

"त्रास देत नसेल तर राहू शकतो. वर्षातून एकदा दाखवून जायचं. पण रिकाम्या पट्ट्याचा उपयोग काय? तो तुमची भूक थांबवणार नाही. घास अडवणार नाही. सगळं तुम्हालाच करावं लागेल."

"ते मी बघते."

"बाई, मला कळेल असं सांगा."

"डॉक्टर, पट्टा भरलेला असला की घरात मला जेवताना कुणी उठवत नाही," मी म्हटलं. "तो रिकामाच राहिला हे तुमच्याकडून कुणाला कळायला नको, एवढंच."

डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "पेशंटच्या पोटातलं मी कुणाला सांगत नाही," म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

घरी पोचले तेव्हा सगळे जेवायचे थांबले होते. गुरुनाथ अंगणातच सामोरा आला.

"काय झाला? काढलो?"

"नाही. ठेवला."

"का गो?" त्याचा चेहरा उतरला, आणि मला त्याची खरंच दया आली. त्याच्याबरोबर भराभर चार घास खायलाही मला आवडलं होतं.

"वजन वाढायला लागलं होतं ना."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं; पाणी पुन्हा भरलं, हे त्यांनी आपलं आपण धरलं. तात्यांनी आतून ऐकलं, मोठा सुस्कारा सोडला, खाटेवरची उशी उचलली आणि आपल्या पाटामागे भिंतीला लावून ठेवली. "मगे आता तिका कोणी उठवचा नाय," ते गुरुनाथला म्हणाले. "लोणचा, पाणी, सगळा घेवन बस."

मी हातपाय धुवायला मोरीशी गेले तेव्हा आये माझ्यामागोमाग आली. तिच्यापाशी मला खोटं काय, अर्धं खरंही बोलवेना.

"रिकामा आहे," मी कुजबुजले. "पाणी नाही भरलं."

ती माझ्या हातावर पाणी ओतायला लागली, आणि हात स्वच्छ झाले तरी ओततच राहिली.

आम्ही चौघं बसलो. बांगड्याचं तिखलं होतं, वाफा येत होत्या. बाहेर भरती नुकती लागली होती आणि वाशांवर उजेड डुलायला लागला होता. मी सकाळपासून उपाशी. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि माझं मलाच कळायच्या आत हात भराभर चालायला लागला. तेवढ्यात ताटाआडून कुणीतरी माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला.

"हळू खा गो," आये ताटातून मान वर न करता म्हणाली. "माझा अजून खूप जेवचा रवला हा."